पायसोबतीण

"डाव्या पायाच्या करंगळीखाली खडा आलाय. थांबा, आधी तो काढा."

मल्लिनाथ हत्तुरे यांच्या कानातल्या बटणातून हा आवाज आला, तेव्हा ते आपल्या घराच्या फाटकापासून जेमतेम दहा पावलं गेले होते. ते लगेच थांबले. कंपाउंडला हात टेकून त्यांनी डावी सँडल काढली, उलटी करून झटकली आणि आत बोटं फिरवून नीट चाचपली. डाळीएवढा एक खडा रस्त्यावर पडला. "काढला," ते हवेत बघून म्हणाले, हसले, आणि पुढे चालू लागले.

त्यांच्या बायकोने, राजश्रीने, हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. कानातला आवाज तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण तो कुणाचा आणि काय म्हणाला असेल हे तिला पाठ झालं होतं. त्याच खिडकीचा पडदा आठ महिन्यांपासून एका बाजूने लोंबत होता. दांडी बसवा म्हणून तिने किती वेळा सांगितलं त्याची गणती नव्हती. दर वेळी "बघू" हे उत्तर ठरलेलं. आणि सोलापूरच्या दुसऱ्या टोकाला बसलेली एक बाई "थांबा" म्हणाली की हा माणूस भर रस्त्यात एका पायावर उभा राहतो! राजश्रीने हातातली भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

त्या आवाजाचं नाव होतं केतकी दुधाळे. ती मल्लिनाथांची पायसोबतीण होती.

हा शब्द आता शहरात सगळ्यांच्या तोंडी बसला असला, तरी त्यामागचं विज्ञान थोडं सांगायला हवं. मधुमेह बरीच वर्षं मुक्कामाला राहिला की तो पायाच्या मज्जातंतूंना पोखरतो. हे तंतू म्हणजे तळव्यापासून मेंदूपर्यंत ओढलेल्या तारा. त्या निकामी झाल्या की पाय दिसतो, चालतो, भार घेतो, पण बोलत नाही. खिळा रुतला तरी गप्प, फोड आला तरी गप्प. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपण म्हणत आलो. मधुमेहाने ही म्हण पार खोटी पाडली होती. ज्याचं जळायचं त्यालाच कळत नव्हतं. मग साध्या फोडाची जखम व्हायची, जखम हाडापर्यंत जायची आणि शेवटी बोट किंवा पाऊल कापावं लागायचं.

मल्लिनाथ मोजणी खात्यात नोकरीला होते. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी पायाखाली घातल्या, बांधाबांधावरून भांडणं मिटवली. त्या पायांनी निवृत्तीच्या वर्षीच मौन धरलं. एके दिवशी त्यांच्या चपलेतला खिळा वर आला होता आणि ते त्याच चपलेने बाजारहाट करून घरी आले. फरशीवर रक्ताचे ठसे राजश्रीला दिसले, त्यांना नाही. तीच त्यांना हाताला धरून डॉक्टर गौतमी सातपुते यांच्याकडे घेऊन गेली. पुढे जे झालं त्याचा पाया तिनेच घातला होता, हे ती स्वतःला रोज बजावायची आणि रोज स्वतःवर चिडायची.

डॉक्टर सातपुते या मज्जातंतूंवर संशोधन करणाऱ्या बाई. पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी मल्लिनाथांची अंगठ्याची चप्पल दोन बोटांत धरून टेबलावर ठेवली.

"ही आजपासून बंद. अंगठ्यातला पट्टा घासतो आणि तुम्हाला ते समजत नाही. पुढून रुंद, बोटांना ऐसपैस जागा, आत शिवण टोचणार नाही, मागे पट्टा असेल, अशीच सँडल हवी. आणि माप संध्याकाळी द्यायचं. दिवसभरात पाय सुजतो. सकाळी बरोबर बसलेला जोडा संध्याकाळी चावतो."

"आणि चावला तरी यांना कळणार नाही," राजश्री म्हणाली.

"म्हणून तर हे." डॉक्टरांनी एक पातळ, करडा तळ पुढे सरकवला. "याला आम्ही जाणतळ म्हणतो. यात केसाहून बारीक धागे विणलेत. कुठे दाब पडतो, कुठे घासतं, कुठे गरम-गार लागतं, हे तो टिपतो."

"आणि शिट्टी वाजवतो?" मल्लिनाथांनी विचारलं.

"तो प्रयोग आधी झाला. जोडा दिवसातून दोनशे वेळा वाजायचा. दर खड्याला शिट्टी. लोकांनी आठवड्याभरात बटणं बंद करून टाकली. कुठलं दुखणं सोडून द्यायचं आणि कुठल्यासाठी थांबायचं, हे यंत्राला ठरवता येत नाही हो. ते माणसालाच कळतं. म्हणून हा तळ ती जाणीव दुसऱ्या माणसाच्या पायात पोचवतो. त्या माणसाने प्रत्येक पायात एक मोजा घातलेला असतो. मोजा त्याच्या तळव्याला बरोबर त्याच जागी बारीकसा इशारा देतो. मज्जातंतूला खडा कधी दिसत नसतो, त्याला नुसता निरोप मिळतो. निरोप आला की त्याच्यासाठी खडा आला."

"म्हणजे खडा यांच्या पायाखाली, आणि टोचणार दुसऱ्याला?"

"हो. इजा काही होत नाही. फक्त कळतं. त्या माणसाला आम्ही पायसोबती म्हणतो."

"मग त्यात विचार काय करायचा? मी आहे ना," राजश्री म्हणाली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिला याहून सोपा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक तंतू तिच्या तळव्यावर जागोजागी टेकवला. "लागलं की सांगा." राजश्री वाट बघत राहिली. डॉक्टरांनी दहा जागी टेकवलं होतं, तिला तीनच जागा कळल्या.

"तुम्हाला मधुमेह नाही, काळजी नको. पण टाचांना भेगा आहेत, कातडी जाड झालीय. घरात अनवाणीच असता ना?"

"आमच्यात उंबऱ्याच्या आत पायताण नसतं. सासूबाईंची शिस्त होती."

"शिवाय तुम्ही दिवसभर चालता. तुमची स्वतःची पावलं आणि यांची पावलं एकमेकांत मिसळतील. मला असं कुणी हवं जे बसून असतं, आणि ज्याचे तळवे जागे आहेत."

"मी बसून राहीन," राजश्री म्हणाली. डॉक्टरांनी तंतू डबीत ठेवून दिला. ज्या फरशीवर अनवाणी उभं राहून तिने या माणसाला तेहतीस वर्षं जेवू घातलं, त्या फरशीनेच तिला नापास केलं होतं. ती घरी येईपर्यंत रिक्षात रडत होती आणि मल्लिनाथांना वाटलं, ही माझ्या पायासाठीच रडतेय.

पंधरा दिवसांनी केतकी सापडली. बत्तिसाव्या वर्षी एका तापाने तिच्या पायांतली ताकद नेली होती, पण जाणीव शाबूत ठेवली होती. बारा वर्षं ती चाकाच्या खुर्चीत होती. घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायची. आई-वडील गेले होते, एक भाऊ परगावी. मल्लिनाथ चालत होते पण त्यांना जमीन लागत नव्हती. केतकीला सगळं लागत होतं, पण बारा वर्षांत तिच्या पायाला जमीनच मिळाली नव्हती. डॉक्टरांच्या मते याहून चांगली जोडी संशोधनात आजवर जमली नव्हती. 'जोडी' हा शब्द त्यांनी सहज वापरला. राजश्रीने तो गाठीला बांधून ठेवला.

सुरुवातीला सगळं सोज्वळ होतं. "हत्तुरेसाहेब", "केतकीताई" आणि राजश्रीला "वहिनी". मग एका महिन्यात मल्लिनाथांच्या बोलण्यातली ताई गळाली. राजश्रीने त्याची तारीखसुद्धा लक्षात ठेवली होती, गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. केतकी त्यांना कानातल्या बटणातून म्हणायची, "आज साहेब रागात चाललेत वाटतं, टाचा आपटतायत." आणि खरंच, त्या दिवशी त्यांची बँकेत वादावादी झालेली असायची. नवऱ्याला राग आलाय हे बायकोला तो घरी आल्यावर कळायचं आणि त्या बाईला रस्त्यातच. आपण या घरात मागून येणारी बातमी झालोय, असं राजश्रीला वाटायचं. आणि तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

स्फोट झाला तो गवतावरून. सकाळी फिरून आलेल्या मल्लिनाथांच्या सँडल ओल्याचिंब होत्या.

"नळाखाली गेला होतात का?" राजश्रीने विचारलं.

"नाही गं. बागेत. हिरवळीवरून चाललो जरा. दव होतं."

"तुम्ही? हिरवळीवर?"

"केतकी म्हणाली, बारा वर्षांत दव लागलं नाही पायाला. म्हटलं, आपल्याला काय, दोन फेऱ्या जास्त. गार लागलं म्हणून रडली बिचारी." ते सँडल पुसत मजेत सांगत होते. "मला काही गार-बीर कळलं नाही."

राजश्रीला जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिने त्यांना एकदा म्हटलं होतं, चला ना, सकाळी तळ्याकाठी फिरून येऊ. ते म्हणाले होते, दिवसभर लोकांची रानं तुडवतो, सुट्टीच्या दिवशी पाय दुखतात. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. आता पाय दुखायचे बंद झाले होते, तर ते दुसरीला दव दाखवायला निघाले होते.

"मग आता चिखल दाखवा, वाळू दाखवा! लग्नाच्या बायकोला मात्र कधी फाटकाबाहेर नेऊ नका!"

"अगं, काहीतरीच काय? ती बसलेली असते तिकडे. मी तिला डोळ्यांनी दोनदा पाहिलंय फक्त."

"डोळ्यांनी काय होतं? तिला तुमचं पाऊल न् पाऊल ठाऊक आहे. मला ठाऊक आहे का?"

मल्लिनाथ सँडल बाजूला ठेवून खुर्चीत जाऊन बसले. माणूस साधा होता. उत्तर नसलं की वर्तमानपत्र उघडायचा.

डॉक्टरांनी जोड्या दोन दिल्या होत्या. एक बाहेरची सँडल आणि एक घरातली, मऊ कापडी सपाता. "घरातही एक पाऊल अनवाणी नाही," असं त्यांनी तीनदा बजावलं होतं. त्याच दुपारी राजश्रीने सपाता उचलल्या, धुतलेल्या पिशवीत घातल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या.

"या घरात देव आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. "सासूबाई असत्या तर चालवून घेतलं असतं का? बाहेर काय घालायचं ते घाला. उंबऱ्याच्या आत पायताण नको."

आईचं नाव निघाल्यावर मल्लिनाथांनी ते मान्य केलं. खरं तर त्यांनाही घरात पायात काही घालून देवासमोर जाणं कसंतरीच वाटत होतं. पण राजश्रीचं कारण देव नव्हते, हे देवांनाही माहीत होतं. तिला आपलं घर त्या बाईच्या पायाखालून सोडवून घ्यायचं होतं. माजघरापासून पलंगापर्यंत नवरा चालेल ते तिला एकटीला दिसावं, दुसऱ्या कुणाला लागू नये. सोवळ्याच्या नावाखाली तिने मत्सरच पाळला होता.

दोन आठवडे तिचे फार सुखात गेले. उंबरा ओलांडला की केतकी बंद. मधे एकदा डॉक्टरांचा फोन आला. "काकू, घरातल्या जोडीकडून काहीच निरोप येत नाहीत. घालतात ना ते?"

"घालतात की. बसूनच असतात हो दिवसभर, म्हणून येत नसतील," राजश्री म्हणाली. खोटं बोलताना तिची जीभ अडखळली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

एप्रिल अर्धा सरला. सोलापूरचं ऊन म्हणजे सांगायला नको. अशा दिवसांत तिथे दोनच गोष्टी नीट वाळतात, माणसं आणि कुरडया. राजश्रीने सकाळी गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालून गच्चीवर धोतरावर पसरल्या होत्या. साडेबाराला वारा सुटला. तिचे हात कणकेत होते.

"अहो, धोतर उडेल. कडांवर जरा विटा ठेवून या. आणि ओल्या राहिल्यात तेवढ्या उलट्या करा."

मल्लिनाथ उठले. जिन्याच्या तोंडाशी त्यांची सँडल होती. पायात घालून जावं असं त्यांच्या मनात आलंही असेल. पण वाळवणात पायताण घालून कुणी जातं का? खायची वस्तू. त्यांच्या आईने लहानपणी याच गोष्टीसाठी त्यांच्या पाठीत धपाटा घातला होता. ते तसेच वर गेले.

पंधरा मिनिटं झाली तरी ते आले नाहीत, तेव्हा राजश्री हात धुऊन वर गेली. तिने गच्चीवर पहिलं पाऊल ठेवलं आणि किंचाळून मागे घेतलं. तिची ती भेगाळलेली, जाड, नापास झालेली टाचसुद्धा क्षणभर टिकली नाही. सिमेंट तव्यासारखं तापलं होतं.

आणि मल्लिनाथ गच्चीच्या मधोमध उभे होते. डोक्याला पंचा गुंडाळून, दोन्ही पावलं सिमेंटवर सपाट टेकवून, एकेक कुरडई उलटत होते. तोंडाने काहीतरी गुणगुणत होते.

"आलीस? बघ, छान वाळल्यात," ते म्हणाले.

ते तिच्याकडे चालत आले तेव्हा त्यांच्या मागे सिमेंटवर ओले ठसे उमटले आणि बघता बघता वाळून गेले. राजश्रीला क्षणभर वाटलं, पाण्यात पाय पडला असेल. गच्चीवर पाणी नव्हतं.

उजवा तळवा वाचला. डाव्या पायाची दोन बोटं सहाव्या दिवशी काढावी लागली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर सातपुते यांनी तिला एकच विचारलं. "घरातली जोडी कुठे आहे?"

"माळ्यावर," राजश्री म्हणाली. "मीच टाकली. मला ती बाई घरात नको होती."

डॉक्टर रागावतील असं तिला वाटलं होतं. त्या नुसत्या तिच्या शेजारी बसल्या. "चूक माझीही आहे. मी जाणीव कशी पोचवायची एवढंच बघितलं. ती पोचली की सोबत काय काय जातं, ते नाही बघितलं."

केतकीचा फोन त्याच संध्याकाळी आला. ती रडत होती. "वहिनी, साहेब घरात गेले की माझे पाय रिकामे व्हायचे. मला वाटायचं, घरात आहेत, वहिनी आहेत, म्हणजे सुखरूप आहेत." राजश्रीने फोन ठेवला. एवढी मोठी शिवी तिने आयुष्यात ऐकली नव्हती, आणि ती शिवी नव्हतीच, हे जास्त लागत होतं.

मल्लिनाथांनी बायकोला कधी दोष दिला नाही. "मलाच अक्कल नको का?" एवढंच म्हणाले. आता डॉक्टरांनी घरासाठी सपातांऐवजी जाणतळाच्या धाग्याचे मोजे विणून दिले. ते चोवीस तास पायात असायचे. देवापुढेसुद्धा. राजश्रीनेच ते पहिल्यांदा त्यांच्या पायात चढवले. डाव्या मोज्याची दोन बोटं रिकामी लोंबत होती. ती तिने आतून टाचून घेतली.

लग्न झाल्यापासून तिची एक सवय होती. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती नवऱ्याचे पाय चेपायची. मोजणीवरून थकून आलेला माणूस तेवढ्यात डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तुझ्या हातात जादू आहे." गेल्या काही वर्षांत तो हे म्हणेनासा झाला होता. तिने मात्र सोडलं नव्हतं.

महिन्याभराने जखम भरली तशी एका संध्याकाळी ती पुन्हा त्यांच्या पायाशी बसली. मल्लिनाथ वर्तमानपत्र वाचत होते. तिने उजवं पाऊल मांडीवर घेतलं, मोज्यावरूनच टाच दाबली, मग अंगठ्याने हळूहळू तळव्याच्या खळग्यात गोल गोल चेपलं. तिच्या मनात सगळी माया दाटून आली होती. तिने वर पाहिलं. मल्लिनाथांनी पान उलटलं.

आणि तिला एकदम समजलं, की हा हात कुठे पोचतोय.

तिचे हात थांबले. तेहतीस वर्षांची ती माया या मांडीवरून निघून, शहर ओलांडून, एका खुर्चीत बसलेल्या बाईच्या तळव्याला जाऊन पोचत होती. ज्याच्यासाठी होती त्याला तिचा पत्ताही नव्हता. राजश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने उजव्या टाचेवर नखं रोवून सणसणीत चिमटा काढला.

मल्लिनाथांनी बातमी वाचून दाखवली. "धरणात यंदा निम्मंच पाणी उरलंय म्हणे."

शेजारी ठेवलेला फोन वाजला. राजश्रीने तो कानाला लावला.

"वहिनी," केतकी म्हणाली. "चिमटा तुमचाच होता ना?"

राजश्रीने दुसरा हात टाचेवरून उचलला.

"त्याआधीचा हातही तुमचाच होता. मी डोळे मिटून बसले होते." केतकी म्हणाली. "खड्यांचं, काट्यांचं मला काही वाटत नाही. पण बारा वर्षांत माझ्या पायाला कुणी हात लावलेला नाही, वहिनी. चिमटे काढा हवे तर. रोज काढा. पण हात थांबवू नका."

राजश्री मांडीवरच्या पावलाकडे बघत राहिली. ते तिच्या नवऱ्याचं होतं. त्यावरचा तीळ तिच्या ओळखीचा होता. तिच्या हातात जादू आहे की नाही, हे सांगू शकेल असं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि ते नेमकं फोनच्या पलीकडे होतं. राजश्रीला केतकीचा राग येत होता. पण फोन ठेवावासा वाटत नव्हता.

तिने फोन खांद्याने कानाशी धरला आणि दोन्ही अंगठे पुन्हा खळग्यात ठेवले.

"इथे?" तिने हळूच विचारलं.

"जरा खाली," केतकी म्हणाली. "हो. तिथेच."

वर्तमानपत्रामागून मल्लिनाथांनी विचारलं, "कुणाशी बोलतेस गं?"

"तुमच्या पायांशी," राजश्री म्हणाली.